माधवराव पेशवे १७७२ ला गेले नसते तर? पर्यायी इतिहासातलं राजकारण आणि विचारसरण्या कशा उभ्या करायच्या, स्टेप बाय स्टेप

आपल्याकडे जर-तरचा इतिहास म्हटला की बहुतेक सगळे थेट पानिपतावर जातात. भाऊ जिंकले, मग अटकेपार कायमचा झेंडा, मग इंग्रज समुद्रात, मग १९०० साली पुण्यात मेट्रो. नकाशा भगवा केला की काम झालं. पण त्या राज्यातली माणसं आपापसात कशावरून भांडतात असं विचारलं की सगळे गप्प, नाहीतर मग आजचेच पक्ष उचलून तिथे बसवतात, एक उजवा, एक डावा, एक मधला, फक्त डोक्यावर पगडी. असली टाइमलाइन दोन पानांत कंटाळवाणी होते, कारण तिच्यात कुणालाच काही गमवायचं नसतं.

म्हणून ही पद्धत. कादंबरी लिहायची असेल, गेमसाठी मॉड बनवायचा असेल किंवा ग्रुपवर रात्रभर वाद घालायचा असेल, तिन्हीला चालते. माझं म्हणणं एवढंच की विचारसरणी आधी आणि भांडण नंतर असं कधी होत नाही. आधी पैशाचं किंवा मानाचं भांडण असतं, ते मिटत नाही, मग कोणीतरी शहाणा माणूस त्याला तत्त्वाचं रूप देतो. त्यामुळे आपणही त्याच क्रमाने जायचं, इझम सगळ्यात शेवटी.

स्टेप १: वळण छोटं निवडा

पानिपत जिंकलं असं धरलं की एकदम फार गोष्टी बदलतात आणि हातात काही राहत नाही. शिवाय १७६१ च्या १४ जानेवारीला जिंकूनही नानासाहेबांचं कर्ज, सरदारांची आपसातली चढाओढ, उत्तरेत मित्र नसणं, हे सगळं जागच्या जागी राहिलंच असतं. मी थेऊर घेतो. १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव क्षयाने गेले, वय सत्तावीस, मूलबाळ नाही. त्यांचा क्षय बरा करायचा नाही हं, त्या काळात तो बरा होत नव्हता, कुठला तरी वैद्य चमत्कार करतो असं लिहिलंत की वाचक उठून जातो. त्यांना तो झालाच नाही असं धरा आणि पंचावन्नपर्यंत आयुष्य द्या, म्हणजे साधारण १८०० साल.

आता या एका माणसाच्या जिवंत राहण्याने काय काय गळून पडतं बघा. राघोबादादांना धोडपच्या लढाईत १७६८ ला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं, ते दबलेलेच राहतात. ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावांचा खून होत नाही. मग बारभाई नाही. मग दादा पळून इंग्रजांकडे जात नाहीत, १७७५ चा सुरतेचा तह नाही, आणि मुंबईकर इंग्रजांना पुण्याच्या भाऊबंदकीत हात घालायला निमित्त मिळत नाही. १७७४ च्या अखेरीस पुण्यात गोंधळ होता म्हणून त्यांनी साष्टी-ठाणं गिळलं, तेही आता सोपं नाही. म्हणजे मुंबई बराच काळ बेटापुरतीच राहते, आणि समोर ठाण्यात, वसईत मराठी चौक्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे छापखान्यांच्या वेळी लागणार आहे.

स्टेप २: काय बदलत नाही ते आधी लिहून काढा

हे लोक करतच नाहीत आणि इथेच सगळं बिघडतं. ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, १७६५ लाच मिळालीय, आपलं वळण त्यानंतरचं. म्हणजे कलकत्त्यातली कंपनी जिवंत आहे, श्रीमंत आहे, आणि तिच्याकडे पगारी पलटणी आहेत. हैदर म्हैसुरात आहेच. जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं, तेही झालेलं. फ्रेंच राज्यक्रांती १७८९ ला व्हायला पुण्यात कोण गादीवर आहे याने फरक पडत नाही. निसर्ग तर कुणाचंच ऐकत नाही, १८१५ चा तंबोरा ज्वालामुखी फुटणार म्हणजे फुटणार. १७९१-९२ च्या दुष्काळावर वाद घालणारे घालतात की छोट्या बदलाने पाऊसही बदलेल, घालू द्या, मी तो ठेवतो. दुष्काळाशिवाय दख्खनचं राजकारण लिहिताच येत नाही.

इथेच माणसांचा नियमही ठरवून टाका. वळणानंतर जन्मलेली खरी माणसं घ्यायची नाहीत. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा, त्या जगात ते जसेच्या तसे नसणार. त्यांच्यासारखं कोणी निर्माण होईल का, आणि कशातून, हा प्रश्न मात्र सोडायचा नाही, तो सगळ्यात भारी प्रश्न आहे.

स्टेप ३: पैशाचा तक्ता मांडा (ही स्टेप गाळलीत तर पुढचं वाचू नका)

१७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा टक्के. पण गंमत त्याच्या वाटणीत आहे. एखाद्या मुलखाचा वसूल एक लाख धरा. सरदेशमुखी १०,०००, ती छत्रपतींची. चौथाई २५,०००. या पंचवीस हजारांतले पंचवीस टक्के राजबाबती, म्हणजे ६,२५० पुन्हा छत्रपतींकडे. सहा टक्के सहोत्रा, १,५००, पंत सचिवांकडे. तीन टक्के नाडगौडा, ७५०, छत्रपती मर्जीने देतील त्याला. उरलेला सहासष्ट टक्के मोकासा, म्हणजे १६,५००, फौज बाळगणाऱ्या सरदाराला.

हा कागदावरचा हिशोब, प्रत्यक्षात वसुली इतकी सरळ कधीच नसायची. पण तक्ता नीट बघा. एकाच गावाच्या उत्पन्नात चार-चार जणांचे हात, आणि प्रत्येक हाताला स्वतःचा कारकून. हे मुद्दाम केलं की ओघात झालं यावर अभ्यासक भांडोत, परिणाम असा की कुठल्याच सरदाराला आपला प्रांत पूर्ण आपला करता येत नव्हता आणि मध्यवर्ती सत्तेलाही तो पूर्ण हातात घेता येत नव्हता. आपल्या पर्यायी जगातला निम्मा राजकीय वाद याच तक्त्यात बसलाय, फक्त त्याला अजून नाव नाही.

आता यात ठिणगी टाका. कंपनीसारखी पगारी, कवायती पायदळं हवीत. खऱ्या इतिहासात महादजींनी द बॉयनकडून कंपू उभे करून घेतले, पण ते शिंद्यांचे होते, पुण्याचे नव्हते. आपल्या जगात माधवराव जिवंत आहेत, ते म्हणणार कंपू हुजुरातीचे, म्हणजे थेट पेशव्यांच्या फौजेतले पाहिजेत. कंपूला दर महिन्याला रोख पगार लागतो. सरंजामी, म्हणजे फौज बाळगायला मुलूख मिळालेल्या सरदाराचा, घोडेस्वार मोहिमेला येतो आणि दसऱ्यापासून आखाडापर्यंत आपलं आपण भागवतो, कंपूतला शिपाई पगार थकला की धरणं धरून बसतो. रोख पाहिजे म्हणजे वसूल थेट पुण्यात यायला पाहिजे, म्हणजे मोकाशातले १६,५०० कमी करायला पाहिजेत, म्हणजे सरदार चिडणार. बंदूक, रोकड, वसूल, सरंजाम, भांडण. एवढी साखळी जमली की तुमच्या जगाचं इंजिन चालू झालं.

स्टेप ४: गाऱ्हाणी गोळा करा, त्यातून गट आपोआप पडतात

मी स्नॅपशॉट १८४८ चा घेतो. युरोपात क्रांत्यांचं वर्ष, आपल्या खऱ्या इतिहासात साताऱ्याचं राज्य खालसा झालं ते वर्ष आणि पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेही वर्ष. माधवरावांच्या काळातल्या साखळीला पंचाहत्तर वर्षं झालीत, म्हणजे तिसरी पिढी भांडतेय. नावं मी कामचलाऊ ठेवलीत, तुम्ही बदला, पण बदलताना "केंद्रवादी पुरोगामी पक्ष" असलं काही ठेवू नका. खऱ्या जगात गटांची नावं गावावरून, माणसावरून नाहीतर टोमण्यावरून पडतात.

पहिले दफ्तरी. पुण्याच्या हुजूर दफ्तरातले कारकून, फडणीस, कंपूचे अंमलदार. एक खजिना, एक फौज, बदली होऊ शकणारे कमाविसदार (वसुलीचे अधिकारी), सरंजाम हयातीपुरताच. यांना आधार बाहेरून आणायची गरज नाही, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, म्हटलंय आणि टोपीकर (युरोपीय) सावकार नुसते व्यापारी नाहीत, त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नका असंही बजावलंय. शंभर वर्षांनी दफ्तरी मंडळी हाच ग्रंथ काखोटीला मारून फिरणार. आधुनिक वाटतात ना? पण यांचं दफ्तर कोणाच्या हातात आहे बघा, मूठभर ब्राह्मण-प्रभू घराण्यांच्या. राज्य एकजीव करायचं म्हणजे यांच्या हातात एकजीव करायचं. म्हणून सांगतो, कुठलाही गट शुद्ध चांगला ठेवू नका.

समोर दौलतवाले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदं, नागपूर. यांचं म्हणणं, राज्य तलवारीच्या जोरावर आम्ही मिळवलं, पुण्याने नाही, हा सगळ्यांचा मिळून करार आहे, आम्हाला विचारल्याशिवाय मोहीम नाही आणि पट्टी नाही. वरवर सगळ्यात सरंजामी, जुनाट गट. पण विचार करा, "आम्हाला विचारल्याशिवाय पट्टी नाही" हे वाक्य इंग्लंडमध्ये १२१५ ला उमरावांनीच राजाकडून लिहून घेतलं होतं. तुमच्या जगात पार्लमेंट आलंच तर ते सुधारकांकडून नाही, या घोड्यावरच्या लोकांकडून यायची शक्यता जास्त. आणि उलटा धोकाही दाखवा, पोलंडमध्ये एकेका सरदाराला नकाराधिकार होता, शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन घास घेऊन तो देशच संपवला. पहिला घास आपल्या थेऊरच्याच वर्षी. पुण्यातला एखादा चाणाक्ष वकील कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात हे वाचून दौलतवाल्यांच्या तोंडावर फेकतो, असा सीन लिहायला मला तर फार आवडेल.

तिसरे सातारकर, आणि यांना लोक विनोदी पात्र करून टाकतात, ते करू नका. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर सत्ता पुण्यात गेली, पण पेशवाईची वस्त्रं शेवटपर्यंत साताऱ्याहूनच यायची. ही गादी नुसती शोभेची असती तर १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने ती पुन्हा मांडून लोकांना आपल्या बाजूला वळवायचा खटाटोप केला नसता. यांची कल्पना साधी आहे, पेशवा नोकर आहे, मालक नाही, छत्रपतींना राज्य परत द्या. जपानचं उदाहरण समोर ठेवा. तिथे क्योटोत सम्राट आणि एदोत शोगुन, अगदी आपलं सातारा-पुणंच, आणि १८६८ ला "सम्राटाला सत्ता परत" म्हणत ज्यांनी शोगुनशाही उलथवली त्यांनीच पुढे रेल्वे, सक्तीची लष्करभरती आणि शाळा आणल्या. म्हणजे सगळ्यात जुन्या घोषणेखाली सगळ्यात नवा कार्यक्रम. सातारकरांमध्ये ब्राह्मणेतर कंपू-अंमलदारांची एक तरुण फळी घाला आणि मजा बघा.

व्यापारी लोकांवर मी फार वेळ घालवत नाही. पुण्याच्या पेठांतले सावकार सरकारला कर्ज देतात, त्यांना हवंय हुंडीचा कायदा आणि थकलेल्या कर्जाची हमी. किनाऱ्यावरच्यांना हवंय आरमार. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गावर संपवलं, ही जखम कोकणात शंभर वर्षं भळभळत ठेवा, कोकणचा प्रत्येक पुढारी दर भाषणात विजयदुर्ग काढतो असं करा.

गावकीवाले म्हणजे पाटील आणि कुणबी. खऱ्या इतिहासात यांचा राग १८७५ ला सुप्यात फुटला, सावकारांकडची कर्जखतं जाळली. पण थांबा, तो राग इंग्रजी कोर्टं, रोख सारा आणि कापसाच्या भावाची घसरण यातून आला होता. आपल्या जगात ती कोर्टं नाहीत. तेव्हा सुप्याची घटना तशीच उचलून १८४८ मध्ये ठेवली तर लॉजिक गेलं. इथे राग मक्तेदारावर निघणार. खऱ्या इतिहासात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे वसुलीचे अधिकार, लिलावाने द्यायची पद्धत बोकाळली, जास्त बोली लावणारा येणार आणि वर्षभरात रयत पिळून वसूल करणार. कंपूचे पगार थकले की आपले दफ्तरीही नेमकं हेच करणार, तत्त्वं गुंडाळून ठेवून. तिथे गावकीवाले उभे राहतात.

स्टेप ५: जातीचा प्रश्न टाळू नका

हे वेगळं काढतोय कारण मराठीतल्या बहुतेक जर-तरच्या गोष्टी इथेच पाठ फिरवतात. पेशवाई टिकली म्हणजे पेशवाईतली जातव्यवस्थाही टिकली, ग्रामण्यं (जातीच्या हक्कांवरून होणारे तंटे) टिकली, कोणी कोणतं कर्म वेदोक्त करायचं याचे वाद टिकले, गावाबाहेरची वस्तीही टिकली. ते सुवर्णयुग म्हणून रंगवलं तर निम्मे वाचक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

मग समतेचा विचार येतो कुठून? खऱ्या इतिहासात जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, टॉमस पेनचं लिखाण त्यांनी वाचलं. आपल्या पुण्यात मिशनची शाळा काढायला परवानगी मिळणार नाही. तरी वाटा आहेत. एक, वारकरी परंपरा, चोखोबा आणि तुकोबांचे अभंग पाठ असलेला माणूस देवळाच्या पायरीपाशी थांबवला गेला की त्याला प्रश्न पडायला पेन लागत नाही. दोन, फौज. कंपनीच्या मुंबई पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतही होते. आपल्या जगात हुजुरातीच्या कंपूंत त्यांना घ्यायचं की नाही हा प्रश्न माधवरावांच्या हयातीतच उभा राहतो, आणि पुण्याने नाही म्हटलं तर बेटावरचे इंग्रज हो म्हणायला बसलेलेच आहेत. लष्करी गरज विरुद्ध शास्त्रार्थ, यात दफ्तरी गट उभा चिरतो. तीन, बेटावरून, गोव्यातून, तंजावरहून येणारी छापील पानं.

माझ्या टाइमलाइनमध्ये ही चळवळ कंपूतून निवृत्त झालेल्या शिपायांपासून सुरू होते. पगाराची सवय, लिहिता-वाचता येणं, चार मुलूख पाहिलेले, आणि गावात परतल्यावर तीच जुनी वागणूक. त्यांची पहिली मागणी देऊळ नसते, जमीन असते, सेवेबद्दल इनाम, वतनाच्या कामाशिवाय. ही मागणी दफ्तरींना पटण्यासारखी, गावकीवाल्या पाटलांना अजिबात न पटणारी. म्हणजे दोन्ही "खालचे" गट एकमेकांविरुद्ध. हे त्रासदायक आहे, पण खरं वाटतं.

शास्त्र्यांच्या बाजूला दक्षिणा हा हुकमी मुद्दा. पेशवे श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. इंग्रज आल्यावर त्याच निधीतून १८२१ ला संस्कृत पाठशाळा निघाली आणि १८४९ च्या सुमारास त्यातला भाग मराठी ग्रंथांना द्यावा म्हणून सुधारकांनी अर्ज केल्यावर पुण्यात केवढा कल्लोळ झाला. आपल्या जगात तर हे पैसे थेट सरकारी बजेटात दिसतात. दक्षिणा कापून कंपूला द्या म्हणणारा दिवाण एका रात्रीत पाखंडी ठरतो.

बायकांचं काय? १७७२ ला माधवरावांच्या पत्नी रमाबाई थेऊरला सती गेल्या आणि त्याच वेळी महेश्वरला अहिल्याबाई विधवा असून १७६७ पासून राज्य चालवत होत्या. दोन्ही एकाच राज्यातलं, एकाच काळातलं. आपल्या जगात रमाबाई वाचतात, पण वाद वाचत नाही, दौलतवाल्या घराण्यांत विधवेला दत्तक घ्यायचा आणि कारभार करायचा हक्क हा अगदी रोकडा राजकीय प्रश्न होतो. इंदूर एका बाजूला, पुण्याचे शास्त्री दुसऱ्या.

स्टेप ६: विचार पोचतो कसा ते ठरवा

वाचणारे किती, छापणारा कोण, आणि न वाचणाऱ्यापर्यंत कोण नेणार? तंजावरला सरफोजी राजांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना चालवला, मिरजेत त्याच साली पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावरून गीता छापली गेली. म्हणजे तंत्र इंग्रजांच्या राज्याशिवायही येतच होतं. मराठी वर्तमानपत्र मात्र १८३२ ला मुंबईत निघालं, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण. आपल्या जगात मुंबई परक्याची, पुण्याच्या हुकमाबाहेरची. म्हणजे पुण्यात ज्याला छापता येत नाही तो तरीत बसून मुंबईला जातो आणि तिथून छापून कल्याणच्या बैलगाड्यांत भरून पाठवतो. सातारकरांची पत्रकं इंग्रजांच्या बेटावर छापली जातात, मग दफ्तरी ओरडतात की हे टोपीकरांचे हस्तक. असले आरोप फुकट मिळतात, वापरा.

आणखी एक बारीक गोष्ट. दफ्तराचा सगळा कारभार मोडीत, छपाई बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, सोपी. मोडी येणारा तोच नोकरीला लागणार. बालबोधीत सरकारी कागद काढा ही मागणी ऐकायला किरकोळ, पण हजारो कारकुनी घरांच्या पोटावर येते.

आणि अजिबात न वाचणाऱ्यांसाठी पोवाडा आहे, कीर्तन आहे, तमाशा आहे. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा ही पेशवाईतलीच माणसं, ती परंपरा १८४८ पर्यंत जिवंत धरा. प्रत्येक गटाला एक शाहीर द्या. जाहीरनामा लिहायच्या आधी त्या गटाच्या पोवाड्याचे चार चरण लिहून बघा, नाही सुचले तर तो गट अजून कच्चा आहे.

स्टेप ७: एक कागद लिहा

जग खरं वाटायला नकाशापेक्षा एक अर्ज जास्त उपयोगी पडतो. मी असा बनवला, पूर्ण काल्पनिक, जुन्या पत्रांच्या वळणावर:

"राजश्री कमाविसदार, प्रांत जुन्नर, यांचे सेवेशी. मौजे मजकूरचे समस्त दाही जण, पाटील व कुणबी, यांची विनंती ऐशी जे, साल मजकुरी पर्जन्य पडिला नाही. गुरे वैरणीवाचून मेली. ऐशियास कंपूची पट्टी बैलास रुपया याप्रमाणे हुजूरचे शिपाई घेऊन गेले. मागाहून मोकाशी आला, त्याणे तेच दुबारा मागितले. दोघांस द्यावे तर गाव उठोन जाईल. तरी कृपा करून एकच धनी करावा."

बघा, यात कुठेही तत्त्व नाही, रडगाणं आहे. पण "एकच धनी करावा" हे दफ्तऱ्यांना सोन्याचं वाक्य, ते छापून वाटणार की रयतच आमच्या बाजूची. सातारकर म्हणणार धनी एकच, तो साताऱ्याला बसलाय. दौलतवाले म्हणणार धनी एकच पाहिजे तर मोकाशी ठेवा, हुजूरचे शिपाई काढा. गावाला यातलं काहीच नको होतं, गावाला बैलामागचा रुपया परत हवा होता. असा एकेक कागद प्रत्येक गटाकडून लिहा, भाषा ज्याची त्याची ठेवा, शास्त्री संस्कृत झोडणार, कंपूवाला फारसी आणि मोडकं फ्रेंच.

स्टेप ८: एक संकट सोडा आणि कोण कुठे पळतो ते बघा

गट नुसते उभे करून ठेवले तर ते प्रदर्शनातल्या मूर्तींसारखे दिसतात. माझं आवडतं संकट दत्तकाचं. १८४८ ला छत्रपती वारसाविना वारले असं धरा. दत्तक कोणी मंजूर करायचा? पेशवा म्हणतो मी. सातारकर म्हणतात नोकराने मालक निवडायचा का, सगळ्या सरदारांची सभा बोलवा. सभा म्हटलं की दौलतवाले खूश, कारण सभा एकदा बसली की ती पट्टीवरही बोलणार. म्हणजे सातारकर आणि दौलतवाले, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एका मांडवात. शास्त्री मुलाचं गोत्र आणि वेदोक्ताचा अधिकार काढून बसतात (खऱ्या इतिहासात प्रतापसिंह महाराजांच्या साताऱ्यात हा वाद झालाच होता). सावकार कुणाची बाजू घेत नाहीत, फक्त पुण्याच्या हुंडीचा बट्टा वाढवतात, आणि त्यामुळे कंपूचे पगार थकतात, आणि थकले की कंपू पर्वतीच्या पायथ्याशी धरणं धरून बसतो. कंपूतल्या महार शिपायांना दोन्ही बाजूंकडून इनामाची आश्वासनं. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर मध्यस्थी करायला तयारच. त्याला कोण आत घेतो? ज्याने घेतलं तो तुमच्या गोष्टीतला राघोबा, फक्त आता त्याच्याकडे एक विचारसरणीही आहे.

हे लिहिताना दोन पथ्यं पाळा. खऱ्या ऐतिहासिक माणसांच्या नावावर नीच कृत्यं घालू नका, त्यांची घराणी आज आहेत, आणि तशीही गरज नाही, १८०० नंतरची सगळी पात्रं काल्पनिकच ठेवायचीत. दुसरं, प्रत्येक गटाचं म्हणणं त्याच्याच सगळ्यात हुशार माणसाच्या तोंडून मांडा. मला स्वतःला दफ्तरी गट अजिबात आवडत नाही, पण दुष्काळात धान्य एका प्रांतातून दुसऱ्यात हलवू शकणारे तेवढेच आहेत, हे मान्य करावंच लागतं.

संकट संपलं की स्टेप ३ चा तक्ता १८५० साठी पुन्हा भरा. त्याच एक लाखांतले पुण्याला किती, साताऱ्याला किती, सरदाराला किती, पंत सचिवाचे १,५०० अजून चालू आहेत का, निवृत्त शिपायाच्या इनामाची नवी ओळ आली का, आली तर कुणाच्या ओळीतून कापली. आकडे जसेच्या तसे राहिले असतील तर दत्तकाचं प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.